तीन मिनिटं

पाडळसऱ्याला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.
दाराबाहेर सरकीचं पोतं, आत पंखा,
पंख्याखाली गोधडी.
मी म्हटलं, खुळखुळा उचला,
पायातले वाळे काढा, काळा दोरा राहू द्या.
कुणी बोलायचं नाही, टाळ्या नकोत.
दीपमाला, तूसुद्धा त्याच्या नजरेत येऊ नको,
आम्हाला तो एकटा हवा आहे.
तीन मिनिटं.

अर्जावर नाव प्रणित. आजी हाक मारते उखर्डू,
म्हणजे मरणाला वाटावं, हे उकिरड्यावरचं, कशाला न्या.
माझ्या यादीत तो सत्त्याऐंशी.
बत्तिसाव्या आठवड्यात आला, तेराशे ग्रॅम,
धुळ्याच्या सिव्हिलात एकोणीस दिवस काचेत.
म्हणून वय मोजताना आठ आठवडे वजा.
याला आम्ही दुरुस्त वय म्हणतो.
"वय बी दुरुस्त व्हस का वं माय?"
आजीनं विचारलं,
आणि स्वतःचंच काहीतरी बोटांवर मोजत बसली.

तीन महिन्यांच्या बाळाच्या अंगात
एक बारीक चुळबुळ असते.
लाथा नव्हेत, हात उडवणं नव्हे, त्याच्याही खालची.
मनगटात, घोट्यात, मानेच्या बुडाशी.
चुलीवरून उतरवलेल्या दुधावर
साय धरण्याआधी जे हलतं, तेवढीच.
विसाव्या आठवड्यापर्यंत राहते नि निघून जाते.
आईला ती दिसत नाही. का दिसावी?
ती तोंडाकडे बघत असते.

जळगावच्या ऑफिसात आम्ही दोघं
वेगवेगळ्या खोलीत, आवाज बंद करून बघतो.
सत्त्याऐंशीचे पाय उचलले जात होते, मुठी मिटत होत्या,
डावा अंगठा मुठीच्या आत.
मी पुन्हा पाहिलं. पुन्हा.
मग टेबलावर दोघांचे कागद उलटे ठेवले,
सुलटे केले.
लोखंडे सर काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

सांगायला मीच गेले. वाक्य पाठ होतं:
खात्री नाही, शक्यता आहे,
मेंदू अजून पायवाटा पाडतोय, म्हणून आत्ताच सुरू करू.
दीपमाला कळण्याची भाकरी थापत होती,
थापायची थांबली नाही.
"तो तं हासस, ताई."
हो.
"मंग ते तुमना मोबाइलमा दिसनं नै का?"
दिसलं होतं.
त्याला आमच्याकडे गुण नव्हते.

डाव्या हातात वांग्याचा देठ दे,
कणकेचा गोळा, तापीतला गुळगुळीत गोटा.
उजवा हात पदराखाली धर, खेळ म्हणून, रडला की सोड.
हे मी शिकवलं.
आजोबांनी मात्र न विचारता अंगणात खड्डा खणला,
नदीची वाळू भरली,
त्यात त्याला कमरेपर्यंत बसवला,
पाठीशी कापसाची उशी.
पुस्तिकेत हे नव्हतं. मी टेप काढून
खड्ड्याचं माप घेतलं.

परवा तो दोन वर्षांचा झाला. दुरुस्त, बावीस महिने.
आधाराशिवाय बसतो? नाही.
उभा राहतो? नाही.
आमचं भाकीत खरं निघालं.
अहवालात त्याचा एक ठिपका योग्य बाजूला पडेल,
परिषदेत लोक टाळ्या वाजवतील.
मला त्या ठिपक्याचा राग येतो
आणि त्याच्याशिवाय मी इथे वेळेत आले नसते, हेही माहीत आहे.

टाळी वाजवतो?
आजी समोर उकिडवी बसली. "उखर्डू रे!"
उजवा हात उठला, हुकला, पुन्हा उठला,
डाव्या अर्ध्या उघडलेल्या मुठीवर येऊन टेकला.
"वाजनी! वाजनी!" आजी म्हणाली.
मला काही ऐकू आलं नाही. पेन तसाच धरून बसले.
दीपमाला उठली,
तिनं पंखा बंद केला.