समासातली पेन्सिल

मानवतच्या सबस्टेशनात रात्रपाळीला
दर तासाला रीडिंग घ्यायचं असतं :
व्होल्टेज, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान.
मधल्या वेळात माणूस डुलक्या घेतो
नाहीतर मोबाईल चाळतो.
त्या रात्री रेंज नव्हती.

टेबलाच्या खणात, जळक्या फ्यूजतारांखाली
लिंबाजी सोनटक्के यांची पोथी निघाली.
रिटायर झाले तेव्हा डबा, स्वेटर, रेडिओ,
खुर्चीवरची उशीसुद्धा नेली नानांनी.
हीच कशी राहिली, काय की.

लाल कापड तेलकट. पानं हळदीच्या रंगाची.
मी काही भाविक नाही,
उदबत्तीनं शिंका येतात मला.
पण अक्षर मोठं होतं आणि रात्र त्याहून मोठी,
म्हणून बसलो एकेक ओवी लावत,
लॉगबुकातल्या आकड्यांवरून फिरवतो
तसंच बोट फिरवत.

सातव्या अध्यायात एका ओवीशेजारी, समासात :
'कळंना. १४-८-८६.'
त्याखाली, जाड टोकानं :
'अजून कळंना. ९१.'
मग '९३. भूकंपात बहीण गेली. वाचवंना.'
मग बरीच वर्षं काही नाही.
मग 'थोरलीला मुलगी झाली. वाचली. कळंना.'
सगळ्यात खाली, हात कापत असावा,
नुसती तारीख.
पुढं एक अक्षर नाही.

ओवीत तसं काय होतं?
घागर, पाणी,
आणि 'आत' हा शब्द तीनदा.
मी परत वाचली. मोठ्यानं वाचली.
भिंतीवरच्या पालीनं मान वळवली.
तीस वर्षं एक माणूस
या चार ओळींच्या दारात उभा राहिला,
कडी वाजवत,
आणि सकाळी सातला
सायकलवर टांग टाकून घरी गेला,
आम्हाला कुणाला कधी बोलला नाही.
आम्ही त्याला 'सोनटक्के, चहा सांगा' म्हणायचो.

बाहेर ट्रान्सफॉर्मरची घूं घूं.
अकरा वर्षं ऐकतोय,
आज पहिल्यांदा ऐकली.
घागरीत कान घातल्यावर येतो तसा आवाज.

घड्याळात पावणेचार.
ताडबोरगाव फीडरचं तीनचं रीडिंग
राहून गेलं होतं.
साहेब विचारतील. विचारू देत.
अंदाजानं आकडा टाकायची आपली सगळ्यांचीच सवय,
पण हात होईना.

तीनचा रकाना कोरा ठेवला.
खणात चाचपलं. बोटभर उरलेली
नानांचीच पेन्सिल.
ब्लेडनं टोक काढत बसलो.