मोहदुरा : लोकसंख्या

एस्टी वळते तिथे पिवळा फलक.
नगर पंचायत मोहदुरा आपले स्वागत करते.
खाली, लोकसंख्या ११,८९२.
आकडा जुना. रहेमतुल्ला पेंटर दर पोळ्याआधी
तोच गिरवतो,
शेवटच्या दोनाचं शेपूट जरा लांबवतो.
"म्याडम, तेवढंच गाव वाढते माह्या हातून."

मी आत बसते. जन्म-मृत्यू, टेबल तीन.
बाबा पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायचे,
टाकीच्या शिडीवरून गेले.
ज्या रजिस्टरात त्यांचं नाव चढलं
ते आता माझ्या ताब्यात आहे.
अनुकंपा म्हणतात याला.
शब्द बरा आहे, पगारही वेळेवर होतो.

बाळंतपणं सारी जिल्ह्याला. टाके तिथे, नोंद तिथे.
मरायला मात्र माणसं घरी येतात.
माझ्या दप्तराचा हिशेब खरा धरला
तर मोहदुरा मागेच रिकामं व्हायला हवं होतं,
तरी चार दिवसांआड नळ येतो
आणि हंडे लागतातच रांगेत.

जुन्या रजिस्टरांना वाळवीचा वास.
उकंडा. कचरू. दगडी. पुन्हा उकंडा.
आधीची तीन गेली
म्हणून चौथं उकिरड्यावर ठेवलेलं,
सुपात घालून परत आणलेलं.
शेऱ्याच्या रकान्यात कुण्या कारकुनानं
बारीक अक्षरात लिहिलंय : विकत घेतले, सव्वा रुपया.
नातू येतो, गॉगल डोक्यावर :
"आजोबाचं नाव उदयराव करून द्या न, मॅडम."
शपथपत्र लागेल, मी सांगते.
मला उकंडा पुसवत नाही.

साहेब गुरुवारी येतात.
मुख्याधिकारी तेच, निवडणूक नाही म्हणून प्रशासकही तेच.
सकाळी प्रस्ताव सादर करतात,
दुपारी चहा घेऊन मंजूर करतात,
मध्ये आवक-जावकला नंबर पडतो.
एकदा त्यांनी स्वतःलाच त्रुटी काढली.
दोन गुरुवार फाईल अडली,
आणि नाल्यावरचा पूल
नकाशातच ओला राहिला.

मंजुळाबाई हटवारची चूल प्रभाग चारात,
मोरी पाचात.
घंटागाडी दोन्हीकडून येते आणि दोन्हीकडून वळते.
"मले मोजता त कुठी मोजता बाप्पा?" ती विचारते,
"भाकर टाकतानी का भांडे घासतानी?"

मग ती रात्र आली, फेब्रुवारीतली शेवटची.
बेघरांची मोजणी.
निखारे गुरुजी, मी, एक टॉर्च.
बसस्टँडवर दोघं झोपलेले, एक झोपेचं सोंग घेतलेला.
जिनिंगच्या पडक्या शेडमध्ये रस्त्याच्या कामावरची माणसं,
डांबराचा वास, आणि आडोशाला धरलेल्या लुगड्यामागे
एक बाई कण्हत.
गुरुजी पाठ करून उभे राहिले.
मी टॉर्च धरला. हात थरथरला, तो माझाच.
पोर रडलं.

"बाराच्या आत का नंतर?" गुरुजींनी तिकडूनच विचारलं.
बाराला श्वास चालू असेल तर माणूस, नंतर आलं तर पुढल्या खेपेला.
नियम आहे.
त्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे.
माझा मोबाईल संपलेला.
स्टँडवरच्या घड्याळात कितीतरी वर्षांपासून चार वीस.

आईचं नाव विचारलं.
बिसाहिन, ती म्हणाली.
तिच्या मुलखात याचा अर्थ विकत घेतलेली,
सासूनं सांगितलं, आणि दोघी हसल्या
जणू मला काय कळणार.

सकाळी ट्रक त्यांना घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेला.
प्रपत्रात मी काय भरलं
ते गठ्ठ्यात बांधून, लाखेचा ठसा मारून
जिल्ह्याला पोचलं. पोच मिळाली.

रहेमतुल्ला विचारतो, नवा आकडा कधी?
आदेश नाही, मी म्हणते.
यंदा दोनाचं शेपूट त्यानं
चौकटीबाहेर काढलंय,
जिनिंगच्या बाजूला.