सातवा चमचा

मास्तर आदालिद यांनी गृहपाठ दिलाय:
घरातल्या सहा वस्तू पाण्यात टाका,
काय विरघळतं ते लिहा.

रोमुलोनं चहाचे छोटे पेले मांडलेत ओट्यावर.
ओटा मिठाच्या विटांचा, वर पत्रा ठोकलेला.
सांडू नकोस रे, मी ओरडते,
ओटाच गृहपाठात जाईल.
कोल्चानीत भिंतींना जीभ लावायची नाही
हे पोरांना चालण्याआधी शिकवावं लागतं.

मैदा गढूळ होतो, मग हळूच खाली बसतो.
विरघळल्याचं सोंग, मी म्हणते. तो ते लिहीत नाही.
तेल वर येऊन गोल डोळ्यांनी बघत राहतं.
किनोआ फेसाळतो, कुणी डिवचल्यासारखा.
कॉफीनं रंग दिला, चोथा आपल्यापाशी ठेवला.
साखर गेली.
जाताना वाजलीसुद्धा नाही.

मीठ शेवटी. त्याचा काय तोटा इथं?
मी ज्योतीवर पिशव्यांची तोंडं चिकटवत
त्याचे चमचे मोजते. पाच. सहा.
सातवा जात नाही.
तो ढवळतो, मनगट दुखेपर्यंत ढवळतो,
तळाशी पांढरं उठतं, भोवंडतं, पुन्हा बसतं.

गरम करून बघ, मी सांगते.
साखरेला ऊब मिळाली की आणखी मावते.
इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं,
उकळण्याचा गाजावाजा फार, बटाटे मात्र कच्चेच.
सातव्यातलं चिमूटभर गेलं असेल.
बाकीचं तसंच.
मिठाला उबेचं फारसं कौतुक नाही.

तोरिबियो कालामाच्या खाणीत गेला
त्याला आता दोन पावसाळे झाले.
रविवारी फोनवर मी किती गोड बोलते, किती ऊन.
खाल्ल्या मिठाला कोण किती जागतं
हे सहा वस्तूंत येत नाही.

आई, खाली उरलं त्याचं काय लिहू?

मी दार उघडते.
डोळे दिपतील इतकं, आभाळाला टेकेपर्यंत
उरलेलंच पसरलंय.
इथं तळं होतं म्हणतात. पाणी उठून गेलं,
जाताना हे काही त्याला नेता आलं नाही.
त्यावरच तर आपण जेवतो.

रोमुलो पेन्सिल चावतो.
मग लिहितो: पाण्यालाही पुरे होतं.
खोडतो. पुन्हा तेच लिहितो.

खारं पाणी मी बटाट्यांच्या भांड्यात ओतते.
मागं वळून बघते तर साखरेचा पेला रिकामा,
मिशीवर ओल,
आणि वहीत नेटक्या अक्षरात:
साखर. काही उरलं नाही.