निळ्या चपला

चिखलीला, गॅरेजच्या मागे तो हॉल.
दारावर बोर्ड इंग्रजी, खालचा बाण कोंकणी,
आत गाणं कुठल्या भाषेतलं ते कळेना.

मी मिरजेकडचा. आमच्या देवळात सतरंजी असते,
पायताण बाहेर. आईनं लावलेली शिस्त.
म्हणून पायरीशी चपला काढल्या
आणि आत गेलो, तर सगळे बुटांसकट बसलेले.
परत जाऊन घालून येणं बरं दिसेना.
पाय खुर्चीखाली ओढून घेतले,
वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागलेली बोटं
एकमेकांवर ठेवून.

दारात एका बाईनं हात हातात घेतला होता,
काहीतरी म्हणाली, हसली.
तसं बँकेतही हसतात.
प्रवचन लांबलं. अर्धं समजलं,
मग पंख्याकडं बघत बसलो.

बाहेर आलो तर चप्पल एकच.
डावी. म्हापशाच्या बाजारातली, दोनशे सत्तरची.
उजवी गॅरेजच्या कुत्र्यानं नेली.

राहू दे, म्हणालो. मराठीत म्हणालो,
म्हणून कुणी राहू दिलं नाही.

किन्शासाचा दियुदोने इस्त्रीची पँट दुमडून
नाल्यात उतरला.
दोन नागा पोरी शिट्ट्या मारत माडांत शिरल्या.
रोमेलला पाचला बोटीवर हजर व्हायचं होतं,
तो टायरांच्या ढिगापाशी आडवा,
आणि झिनाइदा आजी छत्रीनं गवत ढवळत
कुत्र्याशी रशियनमधून बोलत होती,
रागानं की लाडानं, देव जाणे.
एक शब्द सगळ्यांना यायला लागला:
चाप्पाल. साप्पल. चपॅल.
मी ओरडून दुरुस्त करत होतो.
वास्कोतल्या आठ महिन्यांत
इतक्या मोठ्यानं मी बोललो नव्हतो.

सापडली नाही.
म्हणजे सापडली, पण पट्टा खाल्लेला.
कुत्रा शेजारीच बसला होता, समाधानी.

जेसिंटाबायनं न्हाणीतल्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.
निळ्या, एका नंबरानं लहान, टाच बाहेर.
"फुडल्या आयतारा हाड," म्हणाली.
उपकार नव्हे, उसनवारी.
एवढं मला जमण्यासारखं होतं.

आणल्या. पुसून, पिशवीत घालून.
तर ती सावंतवाडीला, लेकीच्या बाळंतपणाला.
मग खुर्च्या लावायला माणूस कमी होतं.
मग एका आयतारी दारात मीच उभा,
आणि पायरीवर एक नेपाळी पोरगा,
बुटाची नाडी अर्धी सोडून
आतल्या बुटांकडे बघत थांबलेला.
काय म्हणायचं असतं ते मला अजून नीट येत नाही.
मी माझ्या काढल्या.

पिशवी दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली आहे.
जेसिंटाबाय दर वेळी विचारते, हाडल्यो?
विसरलो, म्हणतो.
ती पिशवीकडे बघते
आणि चहा ओतते.