दीड तोळा

पौषातली सकाळ, सहा चाळीस.
दांडिया बाजारच्या त्या वळणावर
खांबावरचा दिवा दिवाळीपासून लागत नव्हता.
वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला होता मी, पोच आहे,
आवक क्रमांक अजून पाठ आहे.
हातात दुधाच्या दोन पिशव्या. मागे मोटरसायकल हळू झाली.
वाटलं, पत्ता विचारतंय कोणी.

माळ माझी होती. सासरची नाही, माहेरची नाही.
प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात एकतीस वर्षं
लोकांचे फंड जुळवले, शेवटी माझा आला,
त्यातून केलेली. दीड तोळा.
गळ्यावर वळ उठला, खांद्याचं हाड मोडलं,
आणि सांगायला लाज वाटते,
सगळ्यात आधी मला सांडलेल्या दुधाचं वाईट वाटलं.

मग सगळ्यांना मतं फुटली.
वरच्या मजल्यावरचे कांतिभाई म्हणाले, हाथ कापी नाखवा जोईए.
धाकटे दीर म्हणाले, भर चौकात, लोकांदेखत.
फिजिओथेरपीची गोड मुलगी
माझा खांदा अलगद फिरवत म्हणाली, उलटं टांगायला हवं.
मी कुणालाच नाही म्हटलं नाही.
रात्री कूस बदलता येत नसे तेव्हा
मी या सगळ्यांच्या पुष्कळ पुढे गेलेली असे.

पोरगा सापडला. मितेश, वय एकोणीस,
गाडीचे चार हप्ते थकलेले.
सरकारी वकील म्हणाले, कायदा आता कडक आहे,
जरब बसली पाहिजे.
जरब हा शब्द त्यांनी असा काही ठासला
की स्टेनो दचकला.
दचकलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला.

दहा वर्षं.
ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू,
थंडीत चहाचा पहिला घोट उतरावा तसं, छातीपर्यंत.
रिक्षा मिळेपर्यंत निवलंही.
आणि मग जुनी खोड.
पंधरा ग्रॅम, एकशेवीस महिने. ग्रॅमला आठ.
पूर्ण भाग जातो, बाकी शून्य.
ऑफिसात इतका स्वच्छ ताळा लागला
की मी कागद परत काढायचे.
कुठेतरी काहीतरी दडपलेलं असायचंच.

बाविसाव्या दिवशी त्याच वळणावर
विदुला फणश्यांची गेली.
तो सापडला तो पेट्रोल संपलं म्हणून.
हवालदाराला विचारलं, याला दहा वर्षांचं माहीत नव्हतं?
होतं की, म्हणाला, पेपरात वाचलं होतं त्यानं.
पण सापडतात ते दुसरे, बेन. प्रत्येकाला असंच वाटतं.

माझी माळ परत आली, लाखेचं सील, मुद्देमालाची चिठ्ठी.
सोनाराकडे तोलली. चौदा ग्रॅम दोनशे.
तुटल्या जागच्या कड्या रस्त्यातच कुठे गेल्या असतील.
आठशे मिलिग्रॅम, म्हणजे सहा महिने बारा दिवस,
ते कुणाच्या खात्यावर टाकायचे
मला अजून ठरवता आलेलं नाही.

निकालाच्या दिवशी जिन्यात त्याची आई आडवी आली.
वाटलं, पाया पडेल. किंवा शिव्या देईल.
मी दोन्हीची तयारी करून उभी राहिले.
तिनं एवढंच विचारलं, केटलुं हतुं, बेन?
दीड तोळा.
एटलुंज? म्हणाली ती,
आणि माझ्या स्लिंगमधल्या हाताकडे बघत राहिली.
तो शब्द मी किती वेळा उलटसुलट केला.
सोन्याला म्हणाली, की वर्षांना,
की हाड बघून तिला आणखी काही म्हणायचं होतं.

वॉर्ड ऑफिसला तिसरं स्मरणपत्र दिलंय,
सोबत निकालाची प्रत जोडून.
साहेबांनी ती पूर्ण वाचली, मान हलवली,
म्हणाले, फार छान झालं, अशांना हेच पाहिजे.
दिव्याचं बघतो म्हणाले.

दूध मी आता साडेसातनंतर आणते, उजाडल्यावर.
मागे एखादी गाडी हळू झाली
की बरा झालेला हात पटकन गळ्याशी जातो.
गळ्यात काही नसतं.