केवड्याचा अंदाज

पहाटे साडेचारला मोहाडीच्या शिवारात
मी एका काडीसाठी जाते.
रात्रभर फिरत असते ती,
मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर,
दोन्ही टोकांना काचपट्ट्या,
काचपट्ट्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात.
हवेत जे असेल ते तिला चिकटतं:
मक्याचे पराग, ट्रॅक्टरची काजळी,
चिलटाचा एखादा पाय
आणि काही रात्री, ते.

ते म्हणजे केवडा.
द्राक्षाच्या रोगाला हे नाव कुणी ठेवलं, कोण जाणे.
आत्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत
वाळलेला केवडा असायचा, तोच मला आधी आठवतो.
मग सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी सरकवते
आणि तो वास विसरते.

लिंबाच्या आकाराचे बीजाणू,
काचेसारखे, कुणाचंही वाईट न चिंतणारे.
डाव्या अंगठ्याखाली मोजणी-यंत्र. टक. टक.
मोजताना बोलायचं नाही,
चहा आला तरी वर बघायचं नाही.
एकटा बीजाणू काही करत नाही.
त्याला पानाखाली पाण्याचा पडदा लागतो,
त्यात तो फुटतो, पोहतो,
पानाच्या श्वासाची वाट शोधतो
आणि आत जातो.
मग पाच-सहा दिवस कुणालाच काही दिसत नाही.
त्या न दिसण्याच्या आधी मला बोलायचं असतं.

म्हणून वेलीच्या मांडवात एक खोटं पान टांगलंय.
प्लास्टिकचं. त्याला ओल कळते,
दुसरं काहीच कळत नाही.
किती तास ओलं होतं, तेवढं सांगतं.
तास, तापमान आणि माझं टकटक
यांची बेरीज करून सहा वाजता
मी एकशे बारा फोनवर लिहिते:
आज दुपारच्या आत फवारा.
किंवा: आज नको, औषध वाचवा.

मी बरोबर असते त्या दिवशी
काहीच घडत नाही.
पानं हिरवी राहतात, माणसं दुसऱ्या कामाला लागतात,
आणि न घडलेल्याची नोंद करायला
माझ्या वहीत रकाना नाही.

नऊ नोव्हेंबर. बीजाणू: तीन. ओल: चार तास.
मी लिहिलं, आज नको.

सातव्या दिवशी इंदुमती गामणे स्कूटीवरून आल्या.
प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या कागदावर एक पान.
म्हणाल्या, डाग आहे की कुणी तेल सांडलंय, तुम्हीच बघा.
पानावर पिवळसर, तेलकट गोल.
पिशवीत फुंकर मारून तोंड बांधलं,
रात्रभर खिडकीत ठेवली.
सकाळी पान उलटलं तर
डागाखाली पांढरा कापूस, दाट, दव पडल्यासारखा.
भिंगाखाली तो उघडा पडला: निष्पर्ण झाडं,
फांद्यांना फांद्या, टोकाटोकाला लिंबं.
सुंदर होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग मांडवात जाऊन खोटं पान काढलं.
साळुंकीची विष्ठा वाळून बसली होती त्यावर,
बरोबर ओल मोजायच्या जागी.
रात्री पान नऊ तास भिजलं असेल, दहाही;
याला चारच कळले.
चूक साळुंकीची नव्हती.
पुसायचं काम माझं होतं.

इंदुमतीबाईंच्या फुलोऱ्यातल्या दोन ओळी गेल्या.
त्या चिडल्या, पण माझ्यावर थोड्याच,
जास्त त्या साळुंकीवर.
जाताना स्कूटीची किक मारत विचारलं,
उद्याचा मेसेज किती वाजता?

आता काडीच्या आधी मी त्या पानाकडे जाते.
जुना टूथब्रश, कोमट पाणी,
लहान मुलाची पाटी पुसावी तसं.
हेडलॅम्पच्या उजेडात पेठकडच्या मजूर बायका
ट्रेलरमधून उतरताना बघतात, हसतात.
एकीने विचारलं, प्लास्टिकला कशाला अंघोळ?
मी म्हटलं, खोटं बोलू नये म्हणून.

आज बीजाणू: शून्य.
शून्य लिहिताना पेन जरा थांबतो.
मी पट्टी पुन्हा सरकवते,
डावीकडून, परत एकदा.
सहाला सात मिनिटं कमी आहेत.