चावीवाला

छत्तीस वर्षं महापालिकेत पाण्याचा चावीवाला होतो.
रात्री अडीचला भटवाडीच्या चढावर
लोखंडी झाकण उचलायचं, चावी बसवायची आणि मोजायचं:
सव्वीस फेरे उघडायला, सव्वीस बंद करायला.
एक कमी पडला तर वरच्या चाळींतून शिव्या,
एक जास्त झाला तर खालची गल्ली पाण्यात.
माझी मोजणी चुकली नाही. विचारा कुणालाही.

आणि नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत,
हयातीच्या दाखल्याचा फॉर्म हातात,
पुढे फक्त तीन माणसं असताना
कळ आली, आणि कळायच्या आत

आई म्हणायची परसाकडे. परस तर गावीच राहिलं.
चाळीत म्हणायचो, जाऊन येतो;
हातात टमरेल बघून कुठे ते कळायचं.
नातू म्हणतो टू नंबर.
जाण्याला इतके शब्द.
न जाताच होऊन गेलं, त्याला एकही नाही.

दारावरचा सिक्युरिटीचा पोरगा, छातीवर नाव रामसजीवन,
म्हणाला, 'बाबूजी, इधर से.'
माझ्या मागे मागे चालला, रुंद होऊन,
स्टाफच्या संडासापर्यंत.
बादली दिली, साबण दिला,
आणि स्वतःची दुसरी पॅन्ट, निळी, बाजूला लाल पट्टी.
घरी सांगितलं, गटारात पाय गेला.

मग दोन महिने बाहेर पडायचं तर उपाशी.
केमिस्टकडून जुलाब बंद करायच्या गोळ्या.
कुठल्या सार्वजनिक संडासाला कडी आहे,
कुठल्याला नुसता खिळा,
असल्फा ते स्टेशन, सगळा नकाशा पाठ.

शेवटी राजावाडीत. डॉक्टर मुलाणी, माझ्या नातीच्या वयाची.
फाइलमधून मान वर न करता विचारलं,
'काका, आवरत नाही, की आलेलं कळतच नाही?'
दोन्हींत फरक असतो?
'खूप.'
केसपेपरच्या पाठीवर तिनं आतडं काढलं,
त्याच्या टोकाशी मलाशय, एखाद्या टाकीसारखं,
आणि खाली दोन कड्या. आतली आपलं ऐकत नाही,
बाहेरची ऐकते, म्हातारपणी थोडं कमी.
'संवरणी म्हणतात, पुस्तकात.'
मी म्हटलं, व्हॉल्व्ह.
ती म्हणाली, व्हॉल्व्हच.

नंतर हातमोजे. कुशीवर वळून
मी भिंतीवरचा पोलिओ डोसचा तक्ता
खालून वर वाचत राहिलो.
'हे जुलाब नाहीतच, काका. बद्धकोष्ठ आहे.
कडक गोळा अडकलाय,
त्याच्या कडेनं पातळ तेवढं झिरपतंय.
आणि तुम्ही वरून बंद करायच्या गोळ्या घेताय.'

मला हसूच फुटलं, त्या टेबलावर, तशा अवस्थेत.
मुकादम असंच करायचा. रस्त्यावर ओल दिसली
की म्हणायचा, आवळ. मी म्हणायचो,
साहेब, आवळून काय, लाइन कुठे तुंबलीय ते बघा.

एनिमा झाला. पावडर चालू आहे, पाणी भरपूर.
सकाळी पलंगावर पडल्या पडल्या आवळायचं,
दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, पुन्हा.
मोजायला बरं वाटतं.
केमिस्ट डायपरचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून
काळ्या पिशवीत घालून देतो.
अशीच पिशवी दर महिन्याला सुमती आणायची.
तीस वर्षं. मी कधी विचारलं नाही काय आहे.

परवा सुनेला खरं सांगितलं, शब्द न शोधता, जसं झालं तसं.
ती म्हणाली, 'ती लाल पट्टीची पॅन्ट कुणाची, एवढंच कळत नव्हतं.
धुऊन ठेवलीय.'

इस्त्री करून बँकेत नेली. दारावर दुसराच.
रामसजीवनची ड्यूटी आता मुलुंडला लागलीय.
मंगळवारी जाईन.
वाटेत कुठे कुठे सोय आहे,
कागदावर लिहून घेतलंय.